चार्जर जमा करायचे दिवस

मी दहावीला जाईपर्यंत आमच्या घरात विजेचं मीटर नव्हतं. लातुरात डाळ मिलच्या मागच्या वस्तीत पत्र्याची एक खोली, आणि शेजारच्या घरातून पत्र्याखालून आत आलेली एक वायर. त्या वायरीवर एक दिवा. दुसरं काही लावायचं नाही, असा करार होता. एकदा मी होल्डरला पिन जोडून बाबांचा मोबाइल चार्जिंगला लावला. दहा मिनिटांत शेजारच्या बाईनं तिकडून बटण बंद केलं आणि अंधारात तिचा आवाज आला, "दिवा दिलाय माय तुमाला, कारखाना न्हाई दिला!" तिला कसं कळलं, हे कोडं मला पुढं इलेक्ट्रॉनिक्स शिकूनही सुटलं नाही. बाबा हसले, आणि हसता हसता खोकले. ते त्याच मिलमध्ये हमाल होते. तुरीच्या फोलपटाची धूळ वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत साठत गेली, आणि मी बारावीला असताना ते त्या धुळीनंच गेले. माय तिथंच डाळ निवडायला बसायची. घरी यायची तेव्हा तिच्या पापण्या पिवळ्या असायच्या. आम्ही दोघी बहिणी मुद्दाम विचारायचो, "माय, हळद लागली का गं तुला?" ती म्हणायची, "लागली की. मालकाच्या गोदामाशी लगीन लागलंय माझं."

त्या खोलीतून मी नांदेडला गेले आणि बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स झाले. कंधार तालुक्यातलं आमचं गाव आणि मायचं माहेर, दोन्हीकडं मिळून पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी न विचारताही सांगते. ज्यांच्या घरात पणजोबांपासून पदव्या टांगलेल्या आहेत, त्यांना ह्याची गंमत वाटते. वाटू दे. माझी पदवी मी फ्रेम करून दुकानात काउंटरच्या मागं लावली आहे. एका गिऱ्हाइकानं ती वाचून मला विचारलं, "खेळण्याचे सेल विकायला बी.एस्सी. लागती का?"

"विकायला न्हाई लागत, साहेब," मी म्हटलं, "तुमी घरी नेऊन घर जाळू नये म्हणून लागती."

दुकान हमीदभाईंचं, लातुरातच; मी तिथं कामाला. त्यांचे आजोबा टॉर्च विकायचे, वडील रेडिओ दुरुस्त करायचे, आणि ते स्वतः रिमोटच्या गाड्या, विमानं आणि छोटे ड्रोन विकतात. माणूस साठीच्या पुढचा, मेंदीनं लाल झालेली दाढी, गळ्यात दोरीला बांधलेला व्होल्टेज मोजायचा मीटर. गिऱ्हाईक गाडी बघत असतं तेव्हा हमीदभाई गिऱ्हाइकाकडं बघत असतात, की ह्याला कोणता चार्जर द्यावा. "गाडी तो बच्चे की है," ते म्हणतात, "चार्जर बाप का. बाप जल्दी वाला है क्या, भुलक्कड है क्या, वो देखनेका."

मी त्यांच्याकडं शिकले ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. स्वस्त गाडीत निकेलची बॅटरी असते आणि तिच्यासोबत येतो तो भिंतीत खुपसायचा काळा ठोकळा. त्या ठोकळ्याला थांबायची अक्कल नसते. बॅटरी भरली तरी तो ओततच राहतो. म्हणून घड्याळ आपण लावायचं, तीन-साडेतीन तास झाले की काढायचं. लिथियमची बॅटरी निराळ्या स्वभावाची. हलकी, ताकदीची आणि मानी. तिला आतला प्रत्येक कप्पा, म्हणजे सेल, वेगळा मोजणारा चार्जर लागतो. जाड वायरींशिवाय तिला एक बारकी पांढरी पिन असते ती त्यासाठीच. वापरून आल्या आल्या, गरम असताना तिला भरायचं नाही. भरताना फरशीवर ठेवायची, जवळ वाळूचा डबा, आणि उठून कुठं जायचं नाही. कप्प्याचा व्होल्टेज तीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तीनच्या खाली गेली आणि तशीच पडून राहिली, की ती मेली. वरून दिसायला तशीच चकचकीत, आत काही नाही. महिना दोन महिने वापरायची नसेल तर अर्धी भरायची, वायर सोडवायची आणि सावलीत ठेवायची. हमीदभाईंच्या भाषेत, "भूका बी नक्को सुलाओ, पेट फुटे तक बी नक्को खिलाओ."

फेब्रुवारी लागला की आमच्याकडं चार्जर परत यायला लागतात. बिघडलेले नाहीत. जमा करायला. लातूर क्लासचं गाव आहे आणि इथल्या आईबापांनी ही रीत स्वतःच काढली आहे. पोरांची गाडी काढून घेतली तर पोरं रडतात. चार्जर काढून घेतला तर रडायला कारणच उरत नाही, गाडी तर समोरच आहे! घरात लपवला तर हुडकून काढतात, म्हणून दुकानात आणून देतात. आमच्या मागच्या फळीवर ओळीनं चार्जर लागतात, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. 'बारावी, पेपर झाल्यावर.' 'दहावी, नव्वद टक्के असतील तरच.' 'आईलाच द्यावा, मुलीनं मागितल्यास देऊ नये.' त्या फळीला उन्हाळ्यात तापलेल्या प्लास्टिकचा आणि जुन्या राळेचा वास येतो. मला तो वास परीक्षेचा वाटतो. इतरांना कसला वाटतो कोण जाणे.

मे महिन्यात हीच माणसं हसत येतात, चार्जर नेतात आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. "पोरानं मार्क आणले, गाडी का चालंना?" बॅटरी तीन महिने रिकामी पडलेली असते. मी त्यांच्यासमोर मीटर लावून दाखवते. ते आकड्याकडं बघतात आणि विचारतात, "दुसरी मिळंल ना?" दुसरी मिळते. म्हणून तर ही रीत चालू आहे.

ह्या फेब्रुवारीत रेणापूरची एक बाई आली. चांगली साडी, चांगलं बोलणं. मुलीचा चार्जर काउंटरवर ठेवला. मी म्हटलं, "ताई, बॅटरी पण आणा. अर्धी भरून ठेवते, न्हाईतर मरंल."

"मरू द्या की," ती म्हणाली. "राहू द्या तिच्या डोळ्यांसमोर. बघून बघून तरी अभ्यास करंल."

मी चिठ्ठी लिहिली आणि दोरा बांधला. त्या बाईला चार शब्द सुनावायला हवे होते, तोंडापर्यंत आलेही होते. पण तो हक्क मी चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात घालवून बसले आहे.

माझी बहीण सुजाता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची आणि हमीदभाईंचं तोंड आणि हात दोन्ही बघायची. मला पुस्तकात वाचून कळायचं ते तिला बोटांनी कळायचं. सोल्डरिंगचा डाग देताना ती जीभ बाहेर काढायची, लहानपणी बाराखडी गिरवताना काढायची तशी. तिनं फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचं विमान केलं. पंखात खराट्याच्या काड्या, मोटर कुणाच्या तरी मोडक्या विमानातली. बॅटरी आणि चार्जर मी दिले, तिच्या दहावीच्या निकालाला. ते विमान पहिल्यांदा उडालं ते मिलमागच्या मोकळ्या रानात, सकाळी, बायका डबे घेऊन कामाला निघालेल्या असताना. त्या सगळ्या डबे डोक्यावर धरून थांबल्या. माय ओरडली, "उतरव गं त्याला, कुणाच्या डोळ्यात जाईल!" आणि विमान तिच्याच डोक्यावरून गेलं तेव्हा ती खाली बसली, दोन्ही हात कानांवर, आणि पोरीसारखी हसली. बाबा गेल्यानंतर माय तशी हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. हे मी लपवत नाही. मला सगळं दिसत होतं.

बारावीच्या वर्षी सुजातानं सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही. नांदेडच्या एका कॉलेजात एप्रिलमध्ये मॉडेल विमानांची स्पर्धा होती. पहिल्या तिघांना तिथल्या ड्रोनच्या कोर्सला बिनफीचा प्रवेश. मेडिकलची प्रवेश परीक्षा त्यानंतर दोन आठवड्यांनी, मेच्या सुरुवातीला. तिला स्पर्धा हवी होती. मला परीक्षा.

"ताई, मला ह्येच करायचंय."

"ह्ये म्हंजे काय? खेळणं?"

"तू पण खेळणीच विकतीस की."

मी तिच्या थोबाडीत मारली. मायनं आमच्याकडं बघितलं नाही, ती पीठ मळत होती. मळता मळता म्हणाली, "तुजी ताई शिकल्याली हाय. तिला कळतंय." आमच्या घरात हे वाक्य कायद्यासारखं चालायचं. लाइटच्या ऑफिसात अर्ज मी लिहायचे, दवाखान्यातली चिठ्ठी मी वाचायचे, आणि कुणाचं काय व्हावं हेही मीच ठरवायचे. पदवीनं मला नोकरी दिली नाही, पण घरात सत्ता दिली. ती मी पुरेपूर वापरली.

दुसऱ्याच दिवशी तिचा चार्जर मी फळीवर नेऊन ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, 'सुजाता. माझ्याशिवाय कुणाला देऊ नये.' ती संध्याकाळी दुकानात आली, फळीकडं बघितलं, चिठ्ठी वाचली, काही बोलली नाही. तिचं असं न बोलणं मायला बघवेना. तेव्हा मायच्या समोर मी शब्द दिला. क्लासच्या चाचणीत सातशे वीसपैकी सहाशेच्या वर आण, स्पर्धेच्या दोन दिवस आधी चार्जर तुझ्या हातात देते. तोवर तिची मजल पावणेपाचशेच्या पुढं गेली नव्हती. मला खात्री होती म्हणून मी शब्द दिला.

त्या उन्हाळ्याचं मला काय आठवतं? मार्चमध्येच पत्रा हात लावू देईना. टँकर आला की बायकांची घागरींची रांग आणि त्या रांगेत पुस्तक वाचत उभी राहिलेली सुजाता, पायानं घागर पुढं ढकलत. भिंतीवर खिळ्याला लटकलेलं विमान. त्याच्या पंखावर बसलेली मिलची पिवळी धूळ ती रोज फडक्यानं पुसायची आणि लगेच पाठ करून बसायची. "बघितलं की हात शिवशिवतात," म्हणायची. बॅटरी विमानाच्या पोटात, वायर सोडवलेली, वर थर्माकोलचं झाकण. शेवटच्या उड्डाणानंतर भरायला चार्जरच नव्हता, म्हणून ती तळाला आलेली होती. दोनदा ती म्हणाली, "ताई, एकदा दुकानात नेऊन अर्धी भरून आण ना गं. मरंल ती." मी म्हटलं, बघू.

मार्चच्या शेवटी तिला सहाशे अकरा पडले.

ती क्लासमधून थेट दुकानात आली. घामानं ओला झालेला कागद काउंटरवर ठेवला. हमीदभाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अब तेरी दीदी फस गई," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. मी खरंच फसले होते. जिला सहाशे अकरा पडतात ती मेडिकलला जाऊ शकते, हे त्या कागदानं मला सांगितलं. त्याच कागदावर तिला विमान मिळणार होतं. ती जिंकणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. तिचं उडवणं मी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला म्हणून घरी आले. माय मिलमध्ये, सुजाता क्लासला. मी विमान खिळ्यावरून काढलं, पोटाचं झाकण उघडलं आणि सोडवलेली वायर जोडली.

मोटर टीं टीं करून जागी झाली. शेपटीचं पातं एकदा थरथरलं आणि थांबलं. रिमोट बंद असल्यानं त्याला कुणाचा हुकूम येत नव्हता. विमान मी परत खिळ्याला लावलं आणि ताट वाढून घेतलं. भाकरी, वरण, शेंगदाण्याचा ठेचा. थोड्या थोड्या वेळानं विमान बीप करायचं. ती सोय मुद्दाम केलेली असते. विमान कुठं उसात, तुरीत पडलं तर त्याच्या हाकेवर मालकानं यावं म्हणून. मालकीण क्लासच्या बाकावर बसून जीवशास्त्राचे प्रश्न सोडवत होती. मी भाकरी खाल्ली. वर पत्रा उन्हानं तडतडत होता. ताट धुतलं, पालथं घातलं. दुकानात फोन केला, डोकं दुखतंय, उशीर होईल. भिंतीला टेकून बसले. दोन तासांनी बीप बारीक झालं, मग लांबून आल्यासारखं, मग बंद. मी उठून झाकण लावलं. वायर जोडलेलीच ठेवली.

कितीदा तरी मी ही दुपार दुसऱ्या शब्दांत सांगून बघितली आहे, स्वतःलाच. जबाबदारी, भविष्य, बाबांचा खोकला. एकही शब्द त्या वायरीला पुरत नाही. मी बॅटरी मारली. ती कशी मरते हे मला नीट माहीत होतं म्हणून मारू शकले. अडाणी बहिणीनं विमान पायाखाली मोडलं असतं आणि दोघी मिळून रडल्या असत्या.

आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. दुकानात त्या मापाच्या दोनच बॅटऱ्या उरल्या होत्या. स्पर्धा रविवारी. गुरुवारी रेणापूरचं एक गिऱ्हाईक एक बॅटरी न्यायला आलं, मी त्याला दोन दिल्या. "उडवायचं म्हंजे जोडी लागतीच," म्हटलं. हैदराबादहून नवा माल यायला आठवडा लागणार, हे मला माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी, शब्द दिल्याप्रमाणं, मी चार्जर तिच्या हातात ठेवला. मायसमोर. माय म्हणाली, "बघ, ताई शब्दाची पक्की हाय." सुजातानं झाकण उघडलं. जोडलेली वायर बघितली. हात तिथंच थांबला. तिनं ती सोडवली, पांढरी पिन चार्जरला लावली. चार्जरनं ओरडून नकार दिला. चांगला चार्जर मेलेल्याला भरत नाही, तेच त्याचं चांगलेपण. तिनं तो निकेलच्या बटणावर नेला. हा दुकानदारांचा जुना चोरटा उपाय, शहाण्या चार्जरला फसवून मेलेल्या बॅटरीत करंट ढकलायचा. हमीदभाईंनी तिला तो सांगितला होता आणि करायचा नाही हेही सांगितलं होतं. दहा मिनिटांत बॅटरी पुरीसारखी फुगली. खोलीत नेलपॉलिशसारखा गोडसर वास पसरला. मी ओरडले, "बाहेर टाक!" तिनं सांडशीत धरून ती वाळूच्या डब्यात नेऊन पुरली, शांतपणे, आणि मग हात धुतले.

शनिवारी सकाळी ती वाळूचा डबा घेऊन दुकानात आली. हमीदभाईंनी बॅटरी उकरून काढली, उलटसुलट केली.

"तार जुडा था?"

"हौ, चाचा."

"तू ने छोड़ा जुडा हुआ?"

"म्हाईत न्हाई, चाचा. निघाली जोडल्याली."

ते तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. सुजाता वायर जोडलेली सोडत नाही, हे तिला शिकवणाऱ्या माणसाला माहीत नसेल तर कुणाला? मी एका ड्रोनचं खोकं पुसत राहिले. त्यांनी सगळी कपाटं हुडकली. त्या मापाची नव्हतीच. शेवटी गाडीची एक निकेलची बॅटरी काढली, सहा सेलांची, विटेसारखी. "ये उड़ेगी नहीं, बेटा. बैठेगी."

"उडवते, चाचा," सुजाता म्हणाली.

त्या दिवसापासून हमीदभाई मला बेटी म्हणत नाहीत. मॅडम म्हणतात. पगार, सुट्टी, ईदचा शिरखुर्मा, सगळं पहिल्यासारखं आहे. फक्त मॅडम. चार वर्षं झाली.

रविवारी नांदेडला तिच्यासोबत मीच गेले. कॉलेजचं मैदान, मुरमाची जमीन, कडेला मंडप, पाण्याचे जार. इंजिनिअरिंगची पोरं गॉगल लावून उभी. त्यांची विमानं विकत आणलेली, रंगीत. सुजातानं पोटात ती वीट बसवली तेव्हा एकानं विचारलं, "ट्रॅक्टरची हाय का?" सगळे हसले. तीही हसली. ती म्हणाली, "बैलगाडीची. ट्रॅक्टरची मिळाली न्हाई." मग तिनं विमान हातावर तोलून बघितलं आणि तिचं हसणं गेलं. नाक जड होतं. तिनं शेपटीला माती बांधली, एक मूठ, रुमालात. तिचा नंबर पुकारला. तिनं धावत जाऊन विमान फेकलं. ते दोन पुरुष उंच गेलं, क्षणभर आडवं झालं, मला वाटलं उडालं. मला खरंच वाटलं की उडावं. मग नाक खाली आणि मुरमात. पांढरे तुकडे वाऱ्यानं मंडपाकडं गेले. माइकवरचा माणूस म्हणाला, "पुढचे स्पर्धक." तिनं मोठे तुकडे पिशवीत भरले, बारके राहू दिले.

परतीच्या गाडीत ती खिडकीला बसली. गरम वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ती बाजूलाही करत नव्हती. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "ताई, मी वायर सोडवली होती गं. मला चांगलं आठवतंय."

"मग जोडल्याली कशी निघाली?"

ती माझ्याकडं बघत राहिली. आरोप नव्हता त्यात. मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, मला विचारत होती.

"इसरली असशील," मी म्हटलं.

"इसरले असंल," ती म्हणाली.

ह्या दोन वाक्यांइतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. बॅटरी निदान वाळूच्या डब्यात पुरता आली. त्या संध्याकाळपासून माझी बहीण स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवत नाही. गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघते. कुलूप ओढून बघते, परत येऊन ओढून बघते. हॉस्टेलवरून फोन येतो, "ताई, मी घरून निघताना इस्त्रीची पिन काढली होती का गं?" मी म्हणते, काढली होतीस. खरंच काढलेली असते. ती नेहमीच काढते.

घरी आल्यावर तिनं पिशवी पत्र्यावर टाकली आणि पुस्तक उघडलं. पुढचे दोन आठवडे ती बसली ती बसलीच. माय ताट पुढं करायची, ती जेवायची. झोप म्हटलं की झोपायची. एवढी आज्ञाधारक मुलगी मी पाहिली नव्हती, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवते.

आता फळीवर ह्या वर्षीचे चार्जर लागलेत. ऊन वाढतंय. आईबाप येतात, मला विश्वासानं सांगतात, "मॅडम, तुमच्या बहिणीचं ऐकलंय आम्ही. तुम्ही कसं करून घेतलं तिच्याकडून?" मी सांगते, शिस्त. ते माना डोलावतात. त्यांच्या पोरी दाराशी उभ्या राहून फळीकडं बघत असतात. एकीनं परवा मला विचारलं, "मॅडम, माझी बॅटरी घरी मरत तर नसंल ना?" तिच्या बापासमोर मी खरं सांगितलं, "मरतीय. आजच घेऊन ये." बापाला राग आला. येऊ दे. त्या पोरीनं बॅटरी आणली, मी ती अर्धी भरून चिठ्ठी लावून ठेवली. ह्यानं माझं काही फिटत नाही.

हे छापून आलं की सुजाता वाचेल. तिनं विचारलं तर सांगेन, हो, वायर मी जोडली, आणि तू काही विसरली नव्हतीस. तिला हे कळायला हवं, म्हणूनच लिहिलं. ती माझ्याशी बोलायचं बंद करेल. तो तिचा हक्क आहे आणि मी तो काढून घेणार नाही. पण कुणी मला विचारलं की तीच दुपार परत आली तर काय करशील, तर मला खोटं बोलता येणार नाही. मी ताट वाढून घेईन.

सुजाताला पहिल्याच फेरीत सरकारी मेडिकल कॉलेजला प्रवेश मिळाला. आज ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वस्तीतून मेडिकलला गेलेली ती पहिली मुलगी.